कडुनिंबाच्या बुंध्याचे टेबल : वीस महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरामागे कडुनिंबाचे जुने झाड होते. गुढीपाडव्याला घरात वाटायची कोवळी पाने आम्ही त्याच झाडाची आणत असू. २०२१ च्या जुलैमध्ये वादळी पावसात ते आडवे झाले. फांद्या आणि वरचे खोड लोकांनी नेले आणि जमिनीतला बुंधा तेवढा मागे राहिला. तो खणून काढून त्याचे टेबल करायचे मी ठरवले. ते टेबल जानेवारी २०२४ पासून आमच्या बैठकीच्या खोलीत रोजच्या वापरात आहे. असे काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव, आधी केलेल्या चुकीसह, सविस्तर लिहीत आहे.

बुंधा बाहेर काढल्यावर पहिले काम होते धुण्याचे. मुळांच्या बेचक्यांत माती आणि खडे इतके घट्ट बसलेले असतात की तसेच करवतीला लाकूड दिल्यास दाते क्षणात बोथट होतात. आम्ही पाण्याचा जोरदार फवारा आणि तारेचा ब्रश घेऊन दोन दिवस फक्त धूत होतो. तरीही एका ठिकाणी करवत अडलीच, कारण कोणे एके काळी कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी ठोकलेली लोखंडी कडी झाडाने आत गिळून टाकली होती. तिच्याभोवतीचे लाकूड निळसर काळे पडले आहे. लोखंड आणि लाकडातले तुरट द्रव्य यांच्या संयोगाने असा डाग पडतो. मिस्त्री तो भाग काढून टाकायला तयार होते, पण मी तो ठेवायला सांगितला आणि आज टेबलाच्या पृष्ठभागावर मला सर्वांत प्रिय असलेली जागा तीच आहे.

बुंध्याच्या वरच्या भागातून आम्ही चार इंच जाडीच्या दोन चकत्या कापल्या आणि खाली साधारण ५५ सेंटिमीटर व्यासाचा, ४२ सेंटिमीटर उंचीचा, मुळांचे तीन फाटे असलेला ओंडका उरला. माझी चूक पहिल्या चकतीच्या बाबतीत झाली. मिस्त्रींनी थांबायला सांगितले असतानाही, वरून कोरडी दिसते म्हणून मी पाचच महिन्यांत तिला लोखंडी पाय लावून घेतले, लाखेचे पॉलिश करून घेतले आणि त्या डिसेंबरमध्ये तिच्यावर चहा ठेवायला सुरुवात केली. एप्रिल येईपर्यंत ती काठापासून मध्यापर्यंत फाटली आणि काठाशी करंगळी सहज जाईल एवढी फट पडली.

हे का होते, ते मला नंतर समजले. ओल्या लाकडातले मोकळे पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा सुमारे तीस टक्क्यांखाली गेला की पेशींच्या भिंतींतले पाणी सुटू लागते आणि आकसणे सुरू होते. ते आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. वर्तुळांच्या कडेकडेने लाकूड जितके आकसते, त्याच्या जवळपास निम्मेच ते केंद्रापासून काठाकडे आकसते. अख्ख्या गोल चकतीत हा ताण सामावायला जागाच नसते, म्हणून ती काठापासून गाभ्यापर्यंत फाटते. त्यातून कापलेल्या तोंडाने ओलावा बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने निघून जातो, त्यामुळे चकतीचा वरचा थर सुकलेला आणि आतला भाग ओला अशी ओढाताण तिच्यात सतत चालू राहते. मी ती फट उन्हाळ्यात एपॉक्सीने भरली, पण लाकूड अजून वाळतच होते, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात भरावाच्या कडेने दुसरी फट पडली. शेवटी मिस्त्रींनी फटीवर आडवे, डमरूच्या आकाराचे दोन सागवानी तुकडे खाच करून बसवले आणि फट उघडीच ठेवली. तेव्हापासून ती वाढलेली नाही.

ओंडक्याच्या बाबतीत मात्र मी त्यांचे शब्दशः ऐकले. त्यांनी लाकूड ओले असतानाच ओंडका उलटा करून खालच्या बाजूने आतला गाभा पोखरून काढला, त्यामुळे भिंतीची जाडी पाच इंचांच्या आसपास उरली आणि आतून हवा खेळू लागली. मग मागच्या बाजूला, काठापासून त्या पोकळीपर्यंत, एक उभा काप मुद्दाम घेतला. लाकडाला आकसायचेच असेल तर त्याने तिथे मोकळे व्हावे, दर्शनी बाजू फोडू नये, हा त्यामागचा हेतू होता. साल पूर्ण सोलून काढली, कारण सालीखालीच लाकूड पोखरणारा भुंगा घर करतो, आणि ओल्या लाकडावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण तीन वेळा लावले. ओल्या लाकडात ते अधिक खोलवर झिरपते. कापलेल्या तोंडांवर मेण चोपडले आणि ओंडका जिन्याखाली, सावलीत, विटांवर ठेवून दिला.

लाकूड वाळले की नाही, हे ठरवायला मी वजनाचा आधार घेतला. गल्लीतल्या धान्याच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओंडका नेत असे. पोखरण्यापूर्वी तो ९६ किलो होता आणि पोखरल्यावर ७८ किलो राहिला. पहिल्या पावसाळ्यानंतर वजन भराभर उतरले, मग हळूहळू. दोन्ही पावसाळ्यांत ते किलोभर पुन्हा वाढलेही. २०२३ च्या पावसाळ्यानंतर काटा ५५ किलोवर आला आणि सलग तीन महिने तिथेच थांबला, तेव्हा कुठे रंधा लागला. एक इंच जाडीला एक वर्ष, हा उघड्यावर वाळवण्याचा जुना ठोकताळा आहे. त्या मानाने आम्ही घाईच केली, पण पोकळीमुळे ती निभावली.

रंधा मारणे सोपे नव्हते. कडुनिंब हा महोगनीच्याच कुळातला, त्याचा गाभा तांबूस आणि देखणा असतो, परंतु रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे लाकूड उपटले जाते. पॉलिश पेपरवरच अधिक भर द्यावा लागला. शेवटी उकळवलेल्या जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळून चार हात दिले. लाखेचे पॉलिश मी पुन्हा निवडले नाही, कारण चकतीवर गरम कपाचे पांढरे कडे उमटले होते आणि ते अजून आहे. तेलावर कडे उमटत नाही. हळदीचा डाग मात्र पडतो आणि तो जात नाही, म्हणून जेवणाची ताटे मी या टेबलावर ठेवू देत नाही. तेलाची फडकी बोळा करून कधीही टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती गच्चीवर दोरीला पसरून पूर्ण वाळवते आणि मगच टाकते.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. मुळांचे तीन फाटे हेच टेबलाचे पाय असल्यामुळे आमच्या उंचसखल कोटा फरशीवर ते जराही डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाला इथे नेहमी कागदाची घडी लावावी लागे. पहिल्या काही महिन्यांत ओल्या फडक्याने फरशी पुसताना पायांच्या तळाशी पाणी शोषले जाऊन लाकूड काळे पडू लागले, तेव्हा तळाला तेल देऊन जाड रबराच्या चकत्या बसवल्या आणि तो त्रास थांबला. मागचा काप तीन मिलिमीटरचा होता. तो वाळताना चौदापर्यंत रुंदावला, ऑगस्टमध्ये अकरापर्यंत मिटतो आणि मे महिन्यात पुन्हा उघडतो. दर्शनी बाजूला केसाएवढ्या तीन-चार रेषा आहेत, त्याहून अधिक काही नाही. भुंग्याने पोखरलेल्या लाकडाचे पीठ या टेबलाखाली एकदाही दिसले नाही. ज्या चकतीला मी द्रावण लावले नव्हते, तिच्या काठच्या पांढऱ्या लाकडातून मात्र ते दुसऱ्याच पावसाळ्यात पडले, म्हणजे कडुनिंबाला कीड लागत नाही हा समज गाभ्यापुरताच धरावा.

उणिवा सांगायच्या तर वजन ही पहिली. साफसफाईला ते सरकवायला दोन माणसे लागतात. कडुनिंबाचा उग्र, कडवट वास वर्षभर खोलीत होता आणि पाहुण्यांना तो जाणवत असे. मला स्वतःला तो आवडायचा. खर्च बाजारातल्या साध्या चहाच्या टेबलाच्या दुप्पट झाला आणि त्यातला बहुतांश मिस्त्रींच्या नऊ दिवसांच्या मजुरीचा होता. ती मजुरी मला रास्त वाटते. याच बैठकीत बडोद्याजवळच्या संखेडा गावचा, लाखेच्या रंगाचा, कातलेल्या खांबांचा जुना सागवानी झोपाळा आहे. त्याच्या रेखीवपणाशेजारी हे ओबडधोबड टेबल विजोड दिसेल अशी मला भीती होती, पण दोन्हींचा तांबूस रंग एकमेकांना धरून राहतो.

पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा तेलाचा एक हात पुरतो. दुसरी चकती अजून जिन्याखालीच, काठावर उभी करून ठेवली आहे. पावसाळा सोडला तर तिचे वजन मार्चपासून बदललेले नाही. दिवाळीनंतर मिस्त्री तिला मध्यातून कापून गाभा काढणार आहेत आणि दोन अर्ध्या तुकड्यांचे देवघरासाठी पाट करणार आहेत.