माती, पेटी की दहन: मुंबईतल्या ख्रिस्ती घराने आधीच ठरवायची गोष्ट

देहाचं काय करायचं हा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. एक जण फादरांना फोन लावतो, दुसरा शवपेटीवाल्याला. पेटीवाला उंची विचारतो, पॉलिश विचारतो, आतलं साटिन पांढरं की क्रीम ते विचारतो, आणि तेवढ्या उत्तरांवर सगळं ठरून जातं. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ज्यांच्या घराची जुनी कायम कबर आहे त्यांचा निम्मा भार हलका. बाकीच्यांपुढे तीन वाटा आहेत: पेटीतून दफन, पेटीशिवाय सुती कापडात दफन, किंवा दहन करून अस्थी निशमध्ये, म्हणजे अस्थी ठेवायच्या भिंतीतल्या छोट्या कप्प्यात.

दहनाबद्दलची भीती आधी दूर करायला हवी, कारण ती अजून घराघरांत आहे. ‘जाळलं तर शेवटच्या दिवशी उठणार कसं?’ हे आजीच नाही, शिकलेली मुलंही विचारतात. इसवी सन 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियोंच्या छळकर्त्यांनी नेमका हाच विचार केला होता. ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह जाळून त्यांनी राख ऱ्होन नदीत लोटली, म्हणजे पुनरुत्थानाची आशाच उरणार नाही. मंडळीने, म्हणजे चर्चने, ती राख हरवली म्हणून आशा सोडली नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेची अडचण नाही. रोमने, म्हणजे कॅथलिक मंडळीच्या मुख्यालयाने, 1886 मध्ये दहनाला मनाई केली, कारण त्या काळी युरोपात काही जण पुनरुत्थान नाकारण्यासाठीच दहनाचा पुरस्कार करत होते. 1963 मध्ये ती मनाई उठली. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट वगैरे प्रोटेस्टंट मंडळ्यांत निर्णय बव्हंशी कुटुंबाचा. ऑर्थोडॉक्स परंपरेत मात्र दहनाला सहसा मान्यता नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला दूरचं उदाहरणही नको: रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये मुंबईत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहनच झालं. त्यांच्या श्रद्धेवर कोण बोट ठेवणार?

तेव्हा दहन निवडणाऱ्याने मनात किंतू ठेवू नये. काळजी घ्यायची ती नंतरची. कॅथलिकांसाठी रोमची 2016 ची सूचना स्पष्ट आहे: अस्थी पवित्र जागी ठेवायच्या, विसर्जन नाही, घरात कपाटावर नाही, भावंडांत वाटणी नाही. 2023 मध्ये एवढी मोकळीक मिळाली की, धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने, अर्थपूर्ण जागी एक छोटासा अंश ठेवण्याचा विचार होऊ शकतो. आपल्याकडे गोंधळ होतो तो दाहिनीवर. तिथल्या कर्मचाऱ्याला सवय असते ती थोड्या अस्थी गोळा करून देण्याची. सगळं हवं आहे हे देह आत जाण्यापूर्वी सांगावं लागतं. प्रौढ माणसाच्या अस्थी आणि राख मिळून साधारण दोन ते तीन किलो भरते. आपल्याकडे ती दळून देत नाहीत, हाडांचे तुकडे तसेच असतात, त्यामुळे हातातला छोटा कलश पुरत नाही. झाकणाचा मोठा डबा न्यावा. पेसमेकर असेल तर आधी काढून घ्यावा, दाहिनीत त्याची बॅटरी फुटते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली अंत्यविधीची उपासना, देह समोर असताना व्हावी, मग दहन. हा क्रम मंडळीला अधिक पसंत आहे आणि घरच्यांनाही तोच सोसतो.

आता पेटी. माझा निर्णय जिने झाला ती गोष्ट इथेच आहे, म्हणून जरा थांबतो.

मुंबईतली तात्पुरती कबर, हाडं काढून निशमध्ये ठेवण्यासाठी, साधारण दोन वर्षांनी उघडतात. मुदत पॅरिशनुसार, म्हणजे आपापल्या चर्चनुसार, बदलते, ती आधी विचारून घ्यावी. घरचे स्वच्छ पांढरा कपडा आणि निशसाठीची पेटी घेऊन येतात, फादर प्रार्थना म्हणतात, खणणारा खाली उतरतो, आणि थोड्या वेळाने वर बघून मान हलवतो. देह अजून पुरता मातीत मिळालेला नसतो. कबर पुन्हा बुजवतात, सहा महिन्यांनी या म्हणतात. आईला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटून मुलगी तिथेच खाली बसते. हे अपवादाने होत नाही, मी पाहिलेल्या कबरींत तरी नाही.

कारणं साधी आहेत. पॉलिश केलेला प्लाय आणि लॅमिनेट पाणी आत धरून ठेवतात. आत नायलॉनची साडी किंवा टेरिकॉटचा सूट, साटिनचं अस्तर, मोजे, बूट, प्लास्टिकचे हार. यातलं काहीच कुजत नाही. त्यात पावसाळ्यात समुद्राजवळच्या कबरस्तानांत खड्ड्याला पाणी लागतं. हवा न पोचणाऱ्या पाण्यात देहातल्या चरबीचा साबणासारखा थर बनतो आणि सगळं वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहतं. जितकं खोल तितकं चांगलं हाही गैरसमज आहे, माती जिवंत असते ती वरच्या थरात. परदेशातल्या मुलाची वाट पाहायची म्हणून फॉर्मालिन भरून घेतलं तर पुढचा हिशेब आणखी लांबतो. दोन-तीन दिवसांसाठी शवागारातला थंड कप्पा पुरतो.

आणि हा सगळा खर्च आपण करतो कशासाठी? देह मातीपासून लांब ठेवण्यासाठी. पौलाने करिंथकरांना लिहिलं ते दाण्याबद्दल: पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही. दाणा कोणी प्लॅस्टिकच्या डबीत घालून पेरत नाही. प्रभूचा देह तर तागाच्या कापडात, गंधरस आणि अगरू लावून ठेवला होता. त्या काळच्या यरुशलेमेत देह गुहेत ठेवत आणि वर्षभराने हाडं वेचून चुनखडीच्या छोट्या पेटीत भरत. पेटीची लांबी मांडीच्या हाडाच्या मापाने ठरे. आपली कबर आणि मग निश ही पद्धत जागेच्या टंचाईतून आली असं आपण ओशाळून सांगतो, पण ती आहे थेट येशूच्या काळची. ओशाळण्याचं कारणच नाही.

म्हणून कल सांगायचाच तर पेटीशिवाय, कापडात. वसईकडे आणि इतरत्र काही ठिकाणी हे होतं. स्वतःसाठी मी हेच लिहून ठेवलं आहे. देह चर्चमध्ये नेण्यासाठी पॅरिशची कायमची पेटी असली तर उत्तम, कबरीपाशी देह फळीसकट बाहेर घ्यायचा. पांढरं मांजरपाट, धुऊन खळ काढलेलं, देह दोनदा गुंडाळला जाईल एवढं. आत सुती लुगडं, सदरा किंवा धोतर. हातात लाकडी रोझरी. उतरवायला नवारीच्या तीन पट्ट्या लागतात: खांदे, कंबर, पोटऱ्या. दोनच लावल्या तर देह मध्ये वाकतो, आणि ते दृश्य घरच्यांच्या डोळ्यांपुढून जात नाही. पट्ट्या धरायला सहा माणसं आधीच नेमावी. पहिली मूठमाती हलक्या हाताने, ढेकळं फोडून. हारांचा थर्माकोल आणि सेलोफेन काढून नुसती फुलं टाकावी. पहिल्या पावसात माती खचते, तेव्हा दोनदा भर घालायला कोणाला तरी सांगून ठेवावं. लाकडी क्रूस आणि नंबर पुरे. तात्पुरत्या कबरीवर संगमरवर बसवू नये, उघडताना तो फुटतोच.

नातलग म्हणतील, पेटीशिवाय म्हणजे गरिबाची माती. त्यांना दुखवायचं नसेल तर मधला मार्ग आहे: साध्या, पॉलिश नसलेल्या लाकडाची पेटी, आत सुती कापड, तळाला भोकं. त्यानेही पुष्कळ फरक पडतो. पॅरिशची कापडातल्या दफनाला परवानगी आहे का, हे मात्र आजच विचारा. काही ठिकाणी खणणाऱ्यांना सवय नसते आणि ते ऐनवेळी अडून बसतात.

दहनच बरं अशी वेळही येते. आखातातून देह आला तर तो रसायनं भरलेला आणि जस्ताच्या पत्र्यात बंद असतो. दोन वर्षांच्या कबरीत तो विरघळण्याची आशा धरू नये. पत्रा दाहिनीत चालत नाही, तो कापून काढायची सोय आधी बघावी. मुलं सगळी बाहेरदेशी आणि कबर उघडताना उभं राहायला इथे कोणी नसेल तरीही दहन आणि निश हाच सरळ रस्ता.

कबरीतली हाडं ठेवायला निश घेताना आतली खोली मोजा. मांडीचं हाड पुरुषात पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास जातं. ते आडवं, न मोडता आत बसलं पाहिजे.