रविवार सकाळचा ‘पक्का’ स्लॉट विकत घेण्याआधी

सप्टेंबर सरत आला की लॉस एंजेलिसच्या आसपास गोल्फ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर असा एखादा संदेश येतोच: ‘रँचो पार्क, रविवार सकाळी 8.10, चौघांची जागा, पक्की. माणशी 85 डॉलर, आज रात्रीपर्यंत झेल करा, नाहीतर दुसऱ्यांना देतो.’ (रँचो पार्क हा शहराचा गोल्फ कोर्स, आणि झेल म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय.) सोबत त्या स्लॉटच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेच्या, आरक्षणाचा स्क्रीनशॉट असतो. संदेश ग्रुपातल्याच कोणीतरी पुढे ढकललेला असतो, म्हणून कोणी फारसं विचारत नाही. रविवारी चौघं स्टार्टरच्या (गटांना क्रमाने खेळायला सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) खिडकीपाशी उभे राहतात. 8.10 च्या ओळीत नावं असतात ती भलत्याच चौघांची, आणि ते चौघं मागे बूट बांधत बसलेले असतात. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो.

हा धंदा चालतो तो टंचाईमुळे. शहराच्या मालकीचे 18 होलचे, म्हणजे पूर्ण खेळाचे, कोर्स मोजून सात: रँचो पार्क, ग्रिफिथ पार्कातले विल्सन आणि हार्डिंग, सेपुल्वेडा बेसिनमधले एन्सिनो, बाल्बोआ आणि वुडली लेक्स, आणि हॅन्सन डॅम. काउंटीचे कोर्स निराळे, त्यांचं बुकिंगही निराळं. शनिवार-रविवार सकाळच्या वेळा खुल्या झाल्या की डोळ्यांदेखत संपतात. 2024 च्या मार्चमध्ये एका गोल्फ प्रशिक्षकाने समाजमाध्यमांवर हे प्रकरण लावून धरलं. दलाल एकाच वेळी बरेच स्लॉट अडवतात आणि काकाओटॉक या कोरियन मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपांत जादा पैसे घेऊन विकतात, हे तेव्हा सगळ्यांसमोर आलं. त्यानंतर शहराने प्रत्येक खेळाडूमागे 10 डॉलर अनामत लावली. तुम्ही खेळायला आलात तर ती ग्रीन फीमध्ये (खेळण्याच्या शुल्कात) वळती होते, न आल्यास बुडते. चौघांचा स्लॉट नुसता अडवून ठेवायचा तर आता 40 डॉलर पणाला लागतात, त्यामुळे साठेबाजी महागली.

पण साठेबाजी महागली म्हणून फसवणूक थांबली असं नाही. स्लॉट हातात नसतानाही स्लॉट विकता येतो, आणि त्याला अनामत लागत नाही.

जुन्या दलालाकडे निदान खरा स्लॉट तरी असायचा. त्याची एक रीत अशी: स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या खात्यांवर वेळ अडवायची, गिऱ्हाईक मिळालं की रात्री उशिरा, वेबसाइटवर कोणी नसताना, ती रद्द करायची आणि पुढच्या काही सेकंदांत गिऱ्हाइकाच्या नावावर पुन्हा घ्यायची. रद्द झालेली वेळ लगेच सर्वांना खुली होते. त्या काही सेकंदांत तिसऱ्याच कोणी ती उचलली तर गिऱ्हाइकाच्या हाती काहीच नाही. काही जण रद्द करण्याच्या भानगडीत पडत नाहीत, ‘काउंटरवर अमुक नाव सांगा’ एवढंच सांगतात. फोटो ओळखपत्र मागितलं की ते नाव कामाला येत नाही. वर, दुसऱ्याच्या नावावरचं आरक्षण पैसे देऊन घेतलं म्हटल्यावर काउंटरवर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

आताच्या भामट्याची रीत वेगळी. त्याच्या युक्त्या साधारण तीन. एक, जुना स्क्रीनशॉट घेऊन फोनवरच तारीख बदलायची. दोन, खरा स्लॉट घ्यायचा, पण तो तीन-चार चौकड्यांना विकायचा, म्हणजे जो आधी पोचेल त्याचं आरक्षण खरं आणि बाकीच्यांचं खोटं. तिसरी सगळ्यांत बेरकी: स्लॉट खरोखर घ्यायचा, तुम्हाला वेबसाइटवर दाखवायचा, पैसे मिळाले की रद्द करायचा. यात त्याचे जास्तीत जास्त अनामतीचे 40 डॉलर जातात आणि तुमच्याकडून 340 आलेले असतात. म्हणून ‘मी स्वतः वेबसाइटवर बघितलं, वेळ भरलेली होती’ हा पुरावाच नव्हे. भरलेली आहे हे खरं, पण ती तुमच्या नावावर नाही.

स्क्रीनशॉट तपासत बसण्यात काही हशील नाही. त्यापेक्षा कोर्सच्या प्रो-शॉपला (तिथल्या दुकान-कम-काउंटरला) सरळ फोन लावा. नंबर मात्र संदेशातला नको, सर्च करताना वर येणाऱ्या जाहिरातीतला तर मुळीच नको. शहराच्या अधिकृत गोल्फ पानावरून घ्या. विचारायचं एवढंच: अमुक तारखेला अमुक वेळेचं आरक्षण माझ्या नावावर आहे का? दुसऱ्याच्या नावाची माहिती ते देणार नाहीत, पण तुमचं नाव आहे की नाही हे सांगतील. नसेल तर सौदा तिथेच सोडायचा. विकणारा म्हणेल, ‘आदल्या दिवशी नाव बदलून देतो.’ मग पैसेही आदल्या दिवशी, नाव बदलल्यावर.

खरं सांगायचं तर यातला एकही सौदा करण्याची गरज नाही. शहराचं खेळाडू-कार्ड असलं की बुकिंग इतरांपेक्षा आधी खुलं होतं. चौघांऐवजी दोघांची वेळ शोधली तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते. एकटा माणूस सकाळी स्टार्टरकडे नाव देऊन थांबला तर तिघांच्या गटात त्याची सोय बऱ्याचदा लागते. चौघांनी एकत्रच खेळायचं, तेही रविवारी, तेही आठ ते नऊच्या दरम्यान, या हट्टावर दलाल आणि भामटे दोघंही जगतात.

शरद ऋतूत आणखी एक फसवणूक होते, आणि ती कायद्याने फसवणूक ठरेलच असं नाही: उजेड नसलेली वेळ विकणं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, महिनाअखेरीस सहाच्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सूर्यास्त एकदम पाचच्या आत येतो. शनिवार-रविवारी गर्दीच्या सार्वजनिक कोर्सवर 18 होलला पाच तास सहज लागतात. दुपारी दीडचा ‘ट्वायलाइट, 18 होल, कार्टसह’ असा (ट्वायलाइट म्हणजे दुपारनंतरचा सवलतीचा दर, कार्ट म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी) स्लॉट नोव्हेंबरात घेतला तर सूर्यास्तापर्यंत साडेतीन तास मिळतात, म्हणजे बारा-तेरा होल. पुढचा चेंडू अंधारात शोधायचा. ट्वायलाइटची सवलत असते ती याचसाठी, आणि कोर्सच्या काउंटरवर हे स्पष्ट सांगतातही. त्रयस्थ बुकिंग साइटवर मात्र ऑगस्टमध्ये लिहिलेलं वर्णन नोव्हेंबरातही तसंच राहतं. ‘आगाऊ पूर्ण रक्कम, परतावा नाही’ अशा सवलतीच्या वेळांत ही दुपारची वेळ फार दिसते. घड्याळ बदलल्यावर 18 होल खेळायचे तर अकराच्या पुढची वेळ घेऊच नये.

त्या आगाऊ भरलेल्या रकमेचं पावसात काय होतं, तेही आधीच विचारून ठेवा. सेपुल्वेडा बेसिन मुळात पुराचं पाणी अडवायला राखलेली जमीन आहे, तिथलं धरण 1941 चं. जोराचा पाऊस झाला की एन्सिनो, बाल्बोआ, वुडली लेक्स बंद होऊ शकतात, आणि उघडल्यावरही कार्टला बंदी असू शकते. काउंटरवर पैसे भरले असतील तर न खेळलेल्या होलांपुरता रेन चेक, म्हणजे पुढे वापरता येणारी पावती, मागता येतो. पैसे साइटने घेतले असतील तर काउंटरवरचा माणूस हात वर करतो आणि साइट कोर्सकडे बोट दाखवते. कार्टचे पैसे दरात धरलेले आहेत की वेगळे, हाही प्रश्न तिथलाच.

आता ग्रीनचा, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा, विषय. सप्टेंबर-ऑक्टोबरात बरेच कोर्स एअरेशन करतात: सुमारे अर्धा इंच व्यासाच्या पोकळ नळ्यांनी तीन-चार इंच खोल भोकं पाडून माती काढायची आणि वर वाळू पसरायची. मुळांना हवा मिळावी, पाणी मुरावं म्हणून हे करावंच लागतं, त्यात लबाडी काही नाही. पण पुढचे दोन-तीन आठवडे पटिंग, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलात ढकलणं, हे खडीवरून गोट्या खेळण्यासारखं. ही तारीख कोर्सच्या सूचनाफलकावर असते, स्लॉट विकणाऱ्याच्या संदेशात कधीच नसते. अनेकदा नेमके तेच आठवडे ‘खास सवलत’ म्हणून विकले जातात. फोनवर दोन प्रश्न विचारा: ग्रीन कधी पंच केले? दर कमी केलाय का?

वाळवंटातल्या कोर्सचं प्रकरण याहून महाग. लॉस एंजेलिसहून दोन-अडीच तासांवर कोचेला व्हॅली. पाम डेझर्ट शहराच्या मालकीचा डेझर्ट विलो, इंडियन वेल्स आणि असे कितीतरी कोर्स कोणालाही खुले आहेत. उन्हाळ्यातलं बर्म्युडा गवत थंडीत तपकिरी पडतं, म्हणून शरदात त्यावर राय गवताचं बी पेरतात. यालाच ओव्हरसीडिंग म्हणतात. गवत खरवडायचं, बी टाकायचं, दिवसातून कितीतरी वेळा पाणी द्यायचं, आणि तेवढे काही आठवडे कोर्स बंद ठेवायचा. उघडल्यावरही बराच काळ कार्ट फक्त रस्त्यावरून, फेअरवे (ग्रीनपर्यंतचे गवताचे पट्टे) ओले, ग्रीन केसाळ आणि संथ.

‘दिवाळी वीकेंड, दोन राउंड, दोन रात्री’ अशी पॅकेजं जुलै-ऑगस्टपासून फिरतात ती नेमक्या या काळासाठी. निम्मी रक्कम आधी घेतात. सप्टेंबरच्या शेवटी निरोप येतो: कोर्स बंद आहे, ‘त्याच दर्जाचा’ दुसरा देतो. दुसरा कुठला, हे पोचल्यावर कळतं. करारात ‘कोर्स बदलण्याचा अधिकार राखून’ अशी ओळ असेल तर भांडायला जागा उरत नाही. पॅकेज घ्यायचंच तर कोर्सचं नाव, बंद होण्याची आणि उघडण्याची तारीख, कार्ट फेअरवेवर नेता येईल की नाही, या चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्या. आणि या तारखा कोर्सला स्वतः विचारा, कारण पेरणी लांबली की त्याही बदलतात.

मंडळाची किंवा मित्रांची मोठी सहल असेल तर धोका वेगळा. सोळा-वीस जणांच्या वर गट गेला की बहुतेक कोर्स त्याला टूर्नामेंट समजतात, आणि कोर्सशी लेखी करार करावा लागतो. कोणी ‘ओळखीतून लागोपाठ पाच स्लॉट’ देत असेल, तर ते वेगवेगळ्या नावांवर घेतलेले असतात किंवा नसतातच. पैसे गोळा करणारा आपलाच कोणी भाऊ-काका असतो, आणि तो स्वतःही फसलेला असतो. अशा वेळी त्याच्याकडून कोर्सच्या कराराची प्रत मागणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे.

पैसे गेले असतील तर काय होऊ शकतं? सगळा हिशोब पैसे कसे दिले यावर. झेलने स्वतः पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड. तरी त्याच दिवशी बँकेला कळवा, तक्रार क्रमांक घ्या. पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ निवडून दिले असतील तर खरेदीचं संरक्षण नाही, आणि भामटे तोच पर्याय निवडायला सांगतात. क्रेडिट कार्ड असेल तर बाजू बरीच बळकट: न मिळालेल्या सेवेची हरकत, ते बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी नोंदवता येते. तेव्हा संदेश, स्क्रीनशॉट, विकणाऱ्याचं नाव आणि नंबर ग्रुपमधून डिलीट होण्याआधी जपून ठेवा, आणि स्टार्टरकडून ‘या नावाचं आरक्षण नव्हतं’ असा दोन ओळींचा ईमेल मागून घ्या. तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे ऑनलाइन करता येते. विकणारा खराखुरा, पत्ता असलेला माणूस असेल तर कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या दाव्यांच्या न्यायालयात) व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. फी 30 ते 75 डॉलर. नुसता फोन नंबर असेल तर दाव्यावर नाव कोणाचं घालणार, हीच पहिली अडचण. म्हणून झेलवर पैसे पाठवताना समोर उमटलेलं नाव लगेच लिहून ठेवा, आणि विकणाऱ्याने सांगितलेल्या नावाशी ते जुळत नसेल तर पैसे पाठवूच नका.