हळदीचे आगाऊ सौदे: ओन यूज, हेज अकाउंटिंग की फेअर व्हॅल्यू?

ठरलेल्या भावाने माल आगाऊ धरून ठेवायचा आणि भाव कोसळेल या धास्तीने तेवढाच माल वायद्यात विकून ठेवायचा, असा ज्यांच्या कंपनीचा शिरस्ता आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. असे सौदे हिशेबाच्या पुस्तकात कसे मांडायचे, हा पेच आहे. वायद्याला हातच लावत नसाल तर ओन यूज घ्या, म्हणजे माल येईपर्यंत सौदा पुस्तकात धरूच नका, आणि कामाला लागा. सोयाबीनवाल्यांचं जवळपास तेच झालंय. सेबीने 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन, मोहरी, हरभरा, गहू, मूग, बिगर-बासमती भात आणि कच्चं पामतेल यांचे वायदे थांबवले आणि मग ती मुदत वाढवत नेली. तेव्हापासून लातूरकडच्या गाळप कारखान्यांपुढे हा पेच फारसा उरला नाही. हळदीचे वायदे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात चालू राहिले, म्हणून सांगली, वसमत, निजामाबादच्या कंपन्यांची यातून सुटका नाही. मी सांगलीकडचा आहे, त्यामुळे दाखले तिथलेच येतील.

इंड एएस 109 या वित्तीय साधनांच्या हिशेबमानकाखाली वाटा तीन. खरेदीचा सौदा ‘ओन यूज’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवायचा, किंवा सौदा आणि वायदा यांची हेज अकाउंटिंगने गाठ बांधून एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यासमोर मांडायचा, किंवा परिच्छेद 2.5 खाली सौद्यालाच फेअर व्हॅल्यूने, म्हणजे त्या दिवसाच्या बाजारमूल्याने, मोजायचं आणि चढउतार सरळ नफा-तोट्यात घ्यायचा. तिन्ही मी हाताळल्या आहेत. तुमच्या कंपनीचा घाट वेगळा असेल तर माझं मत तुम्हाला लागू पडेलच असं नाही, पण कुठे अडतं ते कळायला हरकत नाही.

ओन यूजचं सुख मोठं आहे. माल आपल्याच वापराचा, डिलिव्हरी घेणारच, म्हणून माल गेटमधून आत येईपर्यंत सौद्याची नोंदच नाही. काटापट्टी आली, खरेदी टाकली, संपलं. खरेदी खात्यालाही हीच पद्धत जवळची वाटते. आडत्याला दिलेली रक्कम आणि पुस्तकातली किंमत जुळते.

आता त्याच्या शेजारी वायदा ठेवून बघा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. 500 क्विंटल हळकुंडाचा सौदा 12,000 ने झाला. समोर वायद्यात 10 लॉट, म्हणजे 50 टन, विकून ठेवले. तिमाहीअखेर सांगलीचा भाव 14,000 झाला, वायदा 1,850 ने चढला. सौद्यात 10 लाखांचा फायदा आहे, वायद्यात 9 लाख 25 हजारांचा तोटा. धंद्याच्या नजरेने 75 हजार हाती आहेत. ओन यूजमध्ये मात्र वायद्याचा 9 लाख 25 हजारांचा तोटा तेवढा नफा-तोटा पत्रकात दिसतो आणि समोरचे 10 लाख कुठेच दिसत नाहीत. 2023 च्या उन्हाळ्यानंतर हळद काही महिन्यांत दुपटीच्या वर गेली, तेव्हा हे प्रकरण उदाहरणातल्या आकड्यांपुरतं राहिलं नव्हतं. बँकेच्या अधिकाऱ्याला तुम्ही तक्ता काढून दाखवता, तो मान डोलावतो आणि विचारतो, “पण ऑडिट झालेल्या आकड्यांत हे कुठे आहे?” भाव पडतो तेव्हा याच विसंगतीने फुगलेला नफा दिसतो. तेव्हा मात्र कुणाचा फोन येत नाही.

ओन यूजबद्दल आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. अटी पूर्ण होत असतील तर ती सवलत आपोआप लागते आणि अटी मोडल्या तर आपोआप जाते. आपल्या बाजारात सौदा फरकावर मिटवायची रीत जुनी आहे. “माल नाही जमत, भावफरक घ्या आणि सौदा सुटा करा,” असं आडत्या म्हणतो आणि खरेदीवाला हो म्हणून मोकळा होतो. असं एखाद्या वेळी झालं तर चालून जातं. पण तसा पायंडा दिसला की ऑडिटर तशाच प्रकारच्या सगळ्या सौद्यांचं ओन यूज काढून घेऊ शकतो. सौदे कसे मिटतात यावर तुमच्या खात्याचा ताबा नसेल, तर ही वाट वाटते तितकी सुरक्षित नाही.

मग हेज अकाउंटिंग. कागदावर हीच वाट सगळ्यात देखणी आहे, हे मी आजही मान्य करतो. पक्क्या सौद्याची फेअर व्हॅल्यू हेज केली की वायद्याचा तोटा आणि सौद्याचा फायदा एकाच तिमाहीत समोरासमोर येतात, आणि माल आल्यावर तोच फरक मालाच्या किमतीत जाऊन बसतो. शिवाय माल गोदामात आल्यावरही साठ्यासाठी हेज चालू ठेवता येतं. फायदा-तोटा एकमेकांना किती झाकतात हे बघणाऱ्या जुन्या 80 ते 125 टक्क्यांच्या कसोटीचा जाचही इंड एएस 109 मध्ये नाही.

आमचं घोडं अडलं ते कागदावर, आणि तेही कागद कोणत्या दिवशी झाला यावर. हेजचं नातं लागू होतं ते लेखी नोंद झाल्याच्या घटकेपासून. कोणता सौदा, कोणता वायदा, कोणता धोका, प्रमाण किती, परिणामकारकता कशी पाहणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. मागच्या तारखेने काहीही चालत नाही. आता यार्डातलं दृश्य बघा. सौदे निघतात दुपारच्या आत. खरेदीवाला ढिगातलं हळकुंड मोडून रंग बघतो, भाव तोडतो आणि फोनवर “पाचशे धरले” एवढंच सांगतो. वायदा हाताळणारा मुलगा त्याच मिनिटाला विकतो. विकायलाच पाहिजे, कारण भाव थांबत नाही. सौद्याची चिठ्ठी कार्यालयात येते संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी. तेजीत एका दिवसात भाव शेकड्यांनी हलतो. चिठ्ठीवर सही होईपर्यंत वायद्यात जे झालं ते सरळ नफा-तोट्यात जातं आणि नंतर उरलेलंच हेज खाली येतं. म्हणजे ज्या दिवसांत हेजची खरी गरज, नेमक्या त्याच दिवसांत ते अपुरं पडायचं.

एवढ्यावर भागलं असतं तरी निभावलं असतं. पण हळदीचा सौदा जसा होतो तसा क्वचितच पार पडतो. पाचशे क्विंटल ठरतात आणि चारशे साठ येतात, कारण काही पोती ओलसर निघाली. विकणारा म्हणतो, “दहा दिवस पुढं घ्या साहेब, पॉलिश व्हायचंय.” मग वायदा पुढच्या महिन्यात सरकवायचा, प्रमाण पुन्हा बसवायचं, कागद पुन्हा करायचा. सरकवायचं हे धोरण आधीच लिहून ठेवलं असेल तर नातं तुटत नाही, हे खरं आहे. पण ते दर वेळी ऑडिटरला पटवून द्यावं लागतं. आणि कंटाळा आला म्हणून थांबताही येत नाही. इंड एएस 109 मध्ये हेज अकाउंटिंग मनाने सोडून देण्याची मुभा नाही. धोका हाताळण्याचं उद्दिष्ट बदललं किंवा अटी पूर्ण होईनाशा झाल्या, तरच ते सुटतं. वायदा आणि खाती एकाच छताखाली असलेल्या, स्वतंत्र ट्रेझरी असलेल्या कंपनीला हे जमत असेल. यार्डात एक माणूस, कार्यालयात दोन, अशा कारभारात ते माझ्या तरी गळी उतरलं नाही.

तिसऱ्या वाटेवर कागदाचा जाच नाहीसा होत नाही, पण आकसतो. परिच्छेद 2.5 ची निवडही सौदा होतानाच करावी लागते आणि ती कायमची असते. पण तिथे प्रत्येक सौद्याचं वायद्याशी नातं लिहायचं नसतं, परिणामकारकता मोजायची नसते. आम्ही धोरण ठरवून सौद्याच्या चिठ्ठीच्या नमुन्यातच एक ओळ छापून घेतली. ठरलेल्या भावाचा हळदखरेदीचा सौदा म्हटला की ती ओळ असतेच. प्रमाण बदललं, तारीख पुढे गेली, तरी जे आहे ते बाजारभावाने मोजायचं. वायदाही बाजारभावाने. दोन्ही आपापले मोजले जातात आणि पत्रकात शेजारी येऊन बसतात.

निवड करायला सौदा रोखीत मिटवता येण्याजोगा असावा लागतो किंवा माल चटकन रोखीत बदलण्यासारखा असावा लागतो, आणि निवडीमुळे हिशेबातली विसंगती खरोखर कमी व्हावी लागते. रोज सौदे निघणाऱ्या राजापुरी हळदीबद्दल आमच्या ऑडिटरने फारसा वाद घातला नाही. वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीसारख्या मर्यादित मालाचे सौदे असतील तर इथे अडू शकतं.

याही वाटेवर खडे आहेत आणि ते बोचतात. वायद्याचा आधारभाव निजामाबादचा, माल सांगलीचा, आणि राजापुरीची प्रत वेगळी. फेअर व्हॅल्यू कशी मोजायची हे सांगणाऱ्या इंड एएस 113 प्रमाणे वाहतूक खर्चाचा फरक मोजावा लागतो, व्यवहारखर्च मात्र धरायचा नाही. भाव बाजारात किती उघड दिसतो यावर त्यात तीन पायऱ्या आहेत. वायद्याचा भाव थेट दिसतो, म्हणून तो लेव्हल 1 मध्ये बसतो. सौद्याला प्रतीचा आणि ठिकाणाचा फरक लावला की तो लेव्हल 2 मध्ये जातो, आणि तो फरक मोठा असून बाजारात दिसण्यासारखा नसेल तर लेव्हल 3 मध्ये. लेव्हल 3 म्हणजे टिपांची पानं वाढली. त्यात 31 मार्चला नव्या मालाची आवक ऐन भरात, सौदे सगळ्यात जास्त, आणि मार्चअखेरच्या हिशेबासाठी बाजार समितीतले सौदे नेमके बंद! शेवटच्या सौद्याच्या दिवसाचा भाव धरायचा, त्यानंतर वायदा किती हलला ते बघून तो दुरुस्त करायचा आणि दोन-तीन आडत्यांकडून लेखी भाव मागवून ठेवायचा, असं आम्ही ठरवलंय. दर वर्षी त्यावर चर्चा होतेच.

खरी गोम समोरच्या माणसात आहे. भाव चढला की सौद्याचं मूल्य तुमच्या पुस्तकात मालमत्ता म्हणून बसतं, आणि नेमक्या त्याच वेळी विकणाऱ्याला माल न देण्याचा मोह होतो. “पावसात भिजला हो,” हे वाक्य तेजीत जास्त ऐकू येतं. फेअर व्हॅल्यूत समोरच्याची पत धरावीच लागते. म्हणून जुन्या पेढीचा सौदा आणि नव्याने ओळख झालेल्याचा सौदा आम्ही एकाच मूल्याने मोजत नाही. हा अंदाजच असतो, मोजमाप नव्हे, पण ओन यूजमध्ये हा धोका दिसतच नाही म्हणून तो नसतो असं थोडंच आहे?

खरेदीप्रमुखांची कुरकुर वेगळीच. माल आला की तो बाजारभावाने साठ्यात बसतो. “मी 12,000 ने घेतला, तुम्ही 14,000 लिहिता, मग माझी कमाई गेली कुठे?” ती आधीच नफा-तोट्यात येऊन गेलेली असते. माल आल्यावर ती उलटवून खरेदीतून वजा करता येत नाही, हे आंतरराष्ट्रीय हिशेबमानकांचा अर्थ लावणाऱ्या आयएफआरएस इंटरप्रिटेशन्स कमिटीने मार्च 2019 मध्ये स्पष्ट केलंय. आम्ही त्यांच्यासाठी सौद्याच्या मूळ भावाचा वेगळा तक्ता काढतो. तो कुठेही छापला जात नाही, पण खात्यात शांतता राहते. कर वेगळा मोजावा लागतो, कारण आयसीडीएस, म्हणजे आयकरासाठी उत्पन्न मोजायची मानकं, असा अवास्तवित (हाती न आलेला) फरक एरवी मानत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम 123 प्रमाणे तो लाभांशासाठीही धरता येत नाही. संचालकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कुठे पारडं फिरेल तेही सांगतो. फेअर व्हॅल्यूची निवड सौद्यापुरती असते. माल गोदामात शिरला की तो पुन्हा साधा साठा, किंमत किंवा निव्वळ वसुली मूल्य (विकून खर्च वजा जाता हाती येईल ते) यांतलं जे कमी ते. फेअर व्हॅल्यूने साठा धरायची मोकळीक भावफरकावर कमावणाऱ्या ब्रोकर-ट्रेडरना आहे, दळून पाकिटं भरणाऱ्याला नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं पडून राहायची, आज ती शीतगृहात राहते. तुमचा माल असा महिनोन्‌महिने साठत असेल आणि त्यासमोर वायदा उभा असेल, तर तिसऱ्या वाटेचा उपयोग निम्माच होतो. तिथे साठ्यासाठी हेज अकाउंटिंग सोसावंच लागेल, आणि साठ्याचा कागद सौद्याइतका रोज हलत नसल्याने ते झेपतंही. आमचा बहुतेक माल निर्यातीच्या ऑर्डरींवर लगेच पुढे जातो, म्हणून आम्हाला ती उणीव फारशी जाणवली नाही.

वळायचंच असेल तर हंगामाआधी वळा. आधीपासून उघडे असलेले सौदे मध्येच या निवडीत घेता येत नाहीत, ते संपेपर्यंत जुन्याच पद्धतीने चालतात. सांगलीत जानेवारीपासून नवा माल दिसू लागतो. दिवाळीनंतर चिठ्ठीचा नमुना बदलून, ऑडिटरशी निजामाबाद-सांगली फरकाची पद्धत लेखी ठरवून घेतली, तर मार्चअखेर हाती एकाच पद्धतीचे सौदे असतात. फरकाची पद्धत आधी ठरवा, चिठ्ठी नंतर छापा. उलट केलंत तर वाद ऐन एप्रिलमध्ये निघतो, आणि तेव्हा यार्डातल्या कुणालाही तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.