दोन डिस्कचा स्टोरेज बॉक्स: साठवणूक चोख, मोजमाप अर्धवट

सिव्हिल लाइन्समध्ये आमचे कागदपत्रे स्कॅन करून जतन करण्याचे छोटे कार्यालय आहे. उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे गिऱ्हाइकांत वकील अधिक आणि त्यांच्याखालोखाल रामदासपेठ-धंतोलीकडचे सी.ए. स्कॅन केलेल्या फाइली आमच्याकडेच ठेवायच्या असतील तर आम्ही दरमहा जागेचे भाडे घेतो, आणि ते भाडे प्रत्येकाच्या फोल्डरने डिस्कवर किती जीबी अडवले आहेत त्यावर ठरते. त्यामुळे एखादी फाइल किती जागा खाते, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे थेट बिलात उतरते. सुमारे वर्षभरापूर्वी सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतलेल्या दोन डिस्कच्या नेटवर्क स्टोरेज बॉक्सचे हे परीक्षण त्याच अंगाने केलेले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. बॉक्सच्या ज्या पॅनेलबद्दल, म्हणजे सेटिंग आणि आकडे दाखवणाऱ्या पडद्याबद्दल, माझी तक्रार आहे ते एका अपडेटने बदलू शकते आणि तक्रार मात्र नावाला चिकटून राहते.

यंत्राबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ४ टीबीच्या दोन डिस्क एकमेकींच्या प्रतिकृती म्हणून लावल्या आहेत, त्यावर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या ते सांभाळणारी व्यवस्था, आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात, कूलरची दमट हवा पोहोचणार नाही अशा मागच्या खोलीत ठेवूनही बॉक्स एकदाही बंद पडला नाही. पंख्याचा आवाज तेवढा वाढला. बसवल्या दिवशीच आमच्या सहकाऱ्याने ‘४ टीबीचे पैसे दिले आणि दिसतात ३.६’ अशी हाकाटी केली, पण त्यात कोणाची लबाडी नव्हती. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्ये एवढे बाइट धरतात आणि बॉक्स १०२४ च्या पटीत मोजतो. त्या हिशेबाने ४ चे ३.६४ होतात.

खरी गडबड सुरू झाली ती रामदासपेठेतील एका सी.ए. साहेबांच्या बिलावरून. त्यांच्या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी एक आभासी संगणक, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक, करून ठेवला होता आणि त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे २०० जीबी आकाराची एकच फाइल, आमच्याकडे जतन केली होती. पॅनेलने त्यांच्या फोल्डरपुढे २०० जीबीच्या वर आकडा दाखवला आणि आम्ही तो जसाच्या तसा बिलात घातला. त्यांचा फोन आला, ‘अहो, माझ्या त्या मशीनमध्ये सगळे मिळून अठरा जीबीसुद्धा भरलेले नाही, तुम्ही दोनशेचे भाडे कशाचे लावता?’ मी पॅनेल उघडून पाहिले, तर तिथे ‘वापरलेली जागा’ या नावाखाली तोच आकडा होता. मग एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून बॉक्सला थेट आज्ञा देण्याची सोय, सुरू करून आत शिरलो आणि फाइलींनी अडवलेली जागा सांगणारी डीयू ही आज्ञा चालवली. तिने १८ जीबी सांगितले. एका फाइलबद्दल एकाच यंत्रात दोन उत्तरे मिळत होती, आणि भाड्यात फरक जवळजवळ ११ पटींचा पडत होता.

याचे कारण समजायला फाइलचे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. पहिला तिची लांबी, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती बाइट. दुसरा तिच्यासाठी डिस्कवर प्रत्यक्ष राखलेले ब्लॉक, म्हणजे जागेचे ठरावीक मापाचे कप्पे. बॉक्स आतून लिनक्सवर चालतो, आणि लिनक्सवर स्टॅट ही आज्ञा दोन्ही दाखवते, आणि त्यातील ‘ब्लॉक्स’ हा आकडा ५१२ बाइटच्या एककात असतो, मग फाइल सिस्टीम आत ४०९६ बाइटचे ब्लॉक वापरत असली तरी. ज्या फाइलमध्ये मधले मोठे भाग कधी लिहिलेच गेले नाहीत, ती पोकळ फाइल: तिची लांबी मोठी असते, पण पोकळ्यांना डिस्कवर जागा लागत नाही, वाचताना तिथे नुसती शून्ये मिळतात. आभासी डिस्कची प्रतिमा बहुधा अशीच असते. डीयू ब्लॉक मोजते. पॅनेल लांबी मोजून तिला ‘वापरलेली जागा’ म्हणत होते.

आता पॅनेल खोटे, एवढे म्हणून थांबता आले असते. पण उद्या डीयूच्या आकड्यावर बिल काढायचे तर तो तरी खरा आहे का, हे आधी पाहणे भाग होते. म्हणून एका रविवारी कार्यालय बंद असताना फाइल सिस्टीमचीच परीक्षा घेतली.

ट्रंकेट आज्ञेने १ जीबीची रिकामी फाइल केली. स्टॅटने लांबी १०७३७४१८२४ आणि ब्लॉक्स ० सांगितले. तिच्या मध्यावर ४०९६ बाइट लिहून सिंक केले, म्हणजे ते लगेच डिस्कवर उतरवले, तर ब्लॉक्स ८ झाले. ८ गुणिले ५१२ म्हणजे बरोबर ४०९६. मग दुसऱ्या फाइलसाठी फॅलोकेटने १ जीबी जागा आधीच राखून घेतली, काहीही न लिहिता. ब्लॉक्स २०९७१५२ आले, म्हणजे राखलेली जागा हिशेबात धरली गेली, आणि तसेच व्हायला हवे, कारण ती जागा इतर कोणाला मिळणार नसते. तिच्यात आतून ६४ एमबीचे भोक पाडले, तेव्हा १३१०७२ ब्लॉक वजा होऊन १९६६०८० उरले आणि लांबी तसूभरही हलली नाही. हीच तपासणी ईएक्सटी४ या लिनक्सच्या दुसऱ्या फाइल सिस्टीमवर करणाऱ्याने आकडा नेमका जुळण्याचा हट्ट धरू नये; फाइलचे तुकडे कुठे कुठे आहेत याची नोंद ठेवायला तिथे एखादा जादा ब्लॉक लागू शकतो आणि तो त्या फाइलच्याच नावावर पडतो.

भोकाच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. बीटीआरएफएस जागा मोठमोठ्या सलग तुकड्यांत देते आणि तुकड्याचा एक भाग जरी वापरात असला तरी संपूर्ण तुकडा अडकून राहू शकतो. त्यामुळे स्टॅटमध्ये ब्लॉक कमी झाले म्हणजे डिस्कवर तेवढी जागा लगेच सुटली, असे धरून चालता येत नाही. आमच्या बिलाला याने बाधा येत नाही. डिस्क भरत आली असताना जागा शोधणाऱ्याला मात्र येईल.

सर्वांत बारकाईने पाहिले ते लिहिणे चालू असतानाचे आकडे. आजच्या फाइल सिस्टीम लिहिलेला मजकूर काही सेकंद मेमरीत ठेवतात आणि डिस्कवर जागा नंतर ठरवतात. त्या मधल्या वेळेत कोणी विचारले तर ब्लॉक्स किती सांगायचे? शून्य सांगितले तर घात होतो, कारण पोकळ फाइली ओळखणारी टारसारखी बॅकअपची साधने ‘लांबी आहे, पण ब्लॉक एकही नाही’ असे दिसले की अख्खी फाइल पोकळ समजून आतला मजकूर न वाचताच पुढे जाऊ शकतात, आणि बॅकअपमध्ये मजकुराच्या जागी शून्ये उरतात. म्हणूनच ईएक्सटी४मध्ये एखादी चिमुकली फाइल आयनोडच्या, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या, पोटातच मावली आणि तिला स्वतंत्र ब्लॉक लागला नाही, तरी निदान एक ब्लॉक दाखवण्याची तजवीज मुद्दाम केलेली आहे. बीटीआरएफएसमध्ये फाइलवर पुन्हा लिहिले जात असताना क्षणभर शून्य दिसण्याची चूक पूर्वी होती. ती दुरुस्त झाली आणि ती परत येऊ नये म्हणून लिनक्सच्या फाइल सिस्टीम तपासणाऱ्या एक्सएफएसटेस्ट्स या संचात स्वतंत्र चाचणीही आहे. मी तिचीच गावठी आवृत्ती केली: एका खिडकीत ८ एमबीची फाइल सतत पुन्हा पुन्हा लिहीत ठेवली आणि दुसरीत स्टॅट फिरवत राहिलो. चहा आणवला, पिऊन झाला, तरी ब्लॉक्सच्या रकान्यात एकदाही शून्य आले नाही. या बॉक्सला माझ्याकडून पूर्ण गुण मिळतात ते इथे.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे मजकूर दाबून कमी जागेत ठेवण्याचे, प्रकरण वेगळे निघाले. विक्रेत्याने ते चालू करून दिले होते. त्या फोल्डरमध्ये १ जीबीभर नुसती शून्ये लिहिली. डीयू म्हणाली १ जीबी, पण संपूर्ण डिस्कची शिल्लक सांगणाऱ्या डीएफ या आज्ञेतील मोकळी जागा जेमतेम हलली. बीटीआरएफएस १२८ केबीचा एकेक घास दाबते आणि शून्यांचा तसा घास ४ केबीत बसतो, म्हणजे सगळे मिळून ३२ एमबीच लागतात. ब्लॉक्सचा आकडा मात्र ती दाबण्यापूर्वीचा सांगते. खरा खर्च पाहायला कॉम्पसाइझ हे वेगळे साधन लागते. झेडएफएस या आणखी एका फाइल सिस्टीमवर डीयू दाबलेला आकार सांगते, त्यामुळे तिथून आलेला माणूस इथे हमखास फसेल. स्कॅनच्या पीडीएफमधील चित्रे आधीच दाबलेली असल्याने आम्हाला याचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. तीच गत रिफ्लिंक प्रतींची, म्हणजे मूळ फाइलचीच जागा वाटून घेणाऱ्या प्रतींची: एका फाइलची तशी प्रत काढली तर दोन्हींचे ब्लॉक पूर्ण दिसतात, बेरीज दुप्पट होते आणि डिस्कवर जागा एकीचीच जाते. फोल्डर पुसल्यावर डीयूचा आकडा लगेच उतरला आणि डीएफचा उतरला नाही, तेव्हा क्षणभर धसका बसला होता. बॉक्स रोज रात्री स्नॅपशॉट घेतो, म्हणजे फाइलींची त्या वेळची स्थिती जपून ठेवतो, आणि पुसलेला मजकूर त्यात उरतो, हे आठवल्यावर उलगडा झाला.

विंडोजच्या संगणकावरून पाहिले तर आणखी निराळेच चित्र. तीन केबीच्या फाइलचे गुणधर्म उघडले की ‘डिस्कवरील आकार’ १ एमबी! आमच्या टायपिस्टबाईंनी हे पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी डिस्कलाच दोष दिला होता. बॉक्समधील फाइली विंडोजला दाखवणाऱ्या साम्बा या सॉफ्टवेअरची बॉक्समध्ये जुनी आवृत्ती आहे, आणि जुना साम्बा विंडोजला सांगताना जागेचा आकडा मुळातच १०४८५७६ बाइटच्या पटीत वर न्यायचा. सेटिंगमध्ये ते मूल्य ० केल्यावर आकडे ताळ्यावर आले. नव्या आवृत्तीत मुळातच ० असते. कंपनीने निदान एवढे तरी बदलून द्यायला हवे होते.

पॅनेलबद्दल सहाय्य विभागाला लिहिले. दोन दिवसांत उत्तर आले, सभ्य भाषेत, की दाखवलेला आकडा फाइलींचा एकूण आकार आहे आणि तो बरोबर आहे. आकडा बरोबर आहे, हे मलाही मान्य आहे. सी.ए. साहेब पुढच्या आठवड्यात ती प्रतिमा न्यायला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले, त्यावर एक्सफॅट ही फाइल सिस्टीम होती, आणि एक्सफॅटला पोकळ फाइल कळत नसल्याने तिथे तिला पूर्ण २०० जीबी हवे होते. त्या दिवशी पॅनेलचा आकडाच कामाचा ठरला. शेवटी टारला पोकळ्या ओळखायला सांगून गठ्ठा बांधून दिला, तेव्हा तो १८ जीबीच्या आसपास बसला. तक्रार एवढीच, की लांबीला ‘वापरलेली जागा’ म्हणू नये आणि शेजारी ब्लॉकवरून काढलेला दुसरा रकाना द्यावा. आकडा फाइल सिस्टीमकडे तयार असतो, तो विचारायला एक ओळ पुरते.

घरगुती फोटो आणि चित्रपट ठेवणाऱ्याने हा बॉक्स खुशाल घ्यावा, त्याला या कशाचाही उपद्रव होणार नाही. जागेचे भाडे लावणाऱ्याने, किंवा कोटा ठरवून देणाऱ्याने, पॅनेलवर विसंबू नये आणि एसएसएच उघडता येत नसेल असे मॉडेल तर घेऊच नये. आमच्याकडे आता महिन्याच्या १ तारखेला पहाटे एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक फोल्डरवर डीयू चालवते आणि लांबी व जागा असे दोन्ही आकडे बिलावर छापले जातात. सी.ए. साहेबांचे जादा घेतलेले पैसे पुढच्या दोन बिलांत वळते करून दिले. त्यांनी बिल तपासून परत पाठवले, लांबीच्या रकान्यापुढे पेन्सिलीने लिहून: ‘हा फक्त माहितीसाठी ना?’