कोकणातला निरोगी आहाराचा दिवस: पाकिटातला बेत की घरचे पान?

आहार सुधारायचे ठरवले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसासमोर सहसा दोन बेत येतात. एक मोबाईलवरून आलेला असतो. त्यात सकाळी ओट्स, दुपारी लेट्यूस आणि ब्रोकोलीचे सॅलड, संध्याकाळी प्रोटीन पावडर आणि रात्री सूप असते. दुसरा बेत घरातलाच असून त्यात नाचणी, उकडा तांदूळ, कुळीथ, मासळी आणि परसातली भाजी येते. माझा कल दुसऱ्याकडे आहे. मात्र केवळ घरचे म्हणून ते निरोगी ठरते, असे मी मानत नाही.

न्याहारीत दोन्ही बेत तुल्यबळ आहेत. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो आणि तो रोज ३ ग्रॅम पोटात गेल्यास रक्तातले घातक कोलेस्टेरॉल काहीसे उतरते, हे चांगले सिद्ध झाले आहे. प्रथिनेही त्यात नाचणीपेक्षा अधिक असतात. नाचणीची बाजू कॅल्शियमची आहे: १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, आणि ओट्स त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. दूध फारसे न पिणाऱ्या घरात, विशेषतः चाळिशीनंतरच्या स्त्रियांसाठी, मला हा फरक निर्णायक वाटतो. नाचणीची आंबील ताकात करावी, तिच्यात गूळ घालू नये आणि सोबत मोड आलेल्या कुळथाची उसळ घ्यावी, म्हणजे प्रथिनांची उणीवही भरून निघते. ओट्सच घ्यायचे असतील तर साधे घ्यावेत. मसाला ओट्सच्या पाकिटावर सोडियमचा आकडा आधी वाचावा.

पेजेविषयी थोडे वेगळे सांगावे लागते. उकडा तांदूळ साळीसकट उकडल्यामुळे सालपटातली काही ब-जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, म्हणून तो पॉलिश केलेल्या सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा सरस ठरतो. तरीही नुसती पेज आणि लोणचे ही न्याहारी अपुरीच आहे, आणि मधुमेह्याने तर ती मोजूनच घ्यावी.

खरा फरक दुपारच्या जेवणात पडतो. लेट्यूस आणि ब्रोकोली वाईट नाहीत. पण लांबून येणारी ही भाजी तालुक्याच्या बाजारात पोहोचेपर्यंत अनेकदा कोमेजलेली असते आणि खिशालाही जड जाते. त्याऐवजी लाल माठ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा आणि भारंगी, एरवी वाली आणि पडवळ मिळत असताना बाहेर पाहण्याचे कारण उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगते, आणि आपल्या पानात नेमकी इथेच खोट आहे. उजव्या बाजूला चमचाभर भाजी आणि मधोमध भाताचा डोंगर ही आपली सवय आहे. तो भात निम्म्यावर आणून भाजी दोन वाट्या घेतली, तर ताटातले पदार्थ तेच राहतात आणि पानाचा तोल मात्र सुधारतो.

मासळीत तर घरच्या बेताला तोड नाही. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे असल्याने त्यांतून प्रथिनांबरोबर ओमेगा-३ ही मिळते, आणि सुरमई-पापलेटच्या तुलनेत ते बरेच स्वस्त पडतात. घेताना डोळा चकचकीत व फुगीर आणि कल्ल्याच्या आत लालभडक असावे. बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला तर तो वाटा सोडून द्यावा. प्रश्न रांधण्याचा आहे. रवा लावून तेलात तळलेला बांगडा आणि तिरफळे घालून केलेले बांगड्याचे तिखले यांत मासा एकच असला, तरी तेलाचा हिशोब पार वेगळा आहे. नारळाचे वाटण पौष्टिक असले तरी खोबऱ्यातली चरबी बहुतांशी संपृक्त असते, म्हणून एका जेवणात वाटणाचे कालवण किंवा सोलकढी यांपैकी एकच ठेवावे. कोकमाचे आगळ मुळातच खारवलेले असते, तेव्हा सोलकढीत वरून मीठ घालण्याआधी चव घ्यावी. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याला जरा कमी, बसवायचे आहे.

जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि घरोघर सुकी मासळी निघते. खारा बांगडा त्या दिवसांत रोज खाणे रक्तदाब असणाऱ्याला परवडणारे नाही. त्या काळात अंडी, कुळीथ, चवळी आणि मूग यांवर भर द्यावा. कुळथात १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे निरोगी माणसाला प्रोटीन पावडरीची गरज क्वचितच भासते.

रात्रीसाठी सूपच्या पाकिटापेक्षा कुळथाची पिठी, एक नाचणीची भाकरी आणि भाजी चांगली. पिठी पंधरा मिनिटांत होते, त्यामुळे वेळ नसल्याची सबब इथे चालत नाही.

पाकिटातल्या बेताचा एक गुण मात्र मान्य करायला हवा, तो म्हणजे माप. त्यात किती खायचे हे लिहिलेले असते, घरी मात्र आग्रहाने वाढले जाते. नोकरीनिमित्त चिपळूणला किंवा कुडाळला खोली घेऊन एकटे राहणाऱ्याने सकाळी साधे ओट्स आणि बाकी जेवण घरगुती खानावळीतले, पण भात अर्धा आणि भाजी दुप्पट सांगून, असा मेळ घालावा. कुटुंबात राहणाऱ्याने सगळाच दिवस घरच्या पानावर आखावा आणि वाढण्यासाठी एक ठरावीक वाटी ठेवावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने यातला कोणताही बेत डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.