दरडीच्या लोंढ्यानंतरची झीज मोजायला क्लाउडकंपेअरचं एम३सी२
चिखल-दगडांच्या लोंढ्याने नाल्याचा तळ किती खरवडला, हे हवाई लेसर स्कॅनच्या दोन फेऱ्यांवरून काढायला स्कॅनचे त्रिमितीय बिंदू हाताळणाऱ्या क्लाउडकंपेअर सॉफ्टवेअरमधलं हे मोफत प्लगिन उत्तम. अंतर पृष्ठभागाला लंब मोजतं, त्यामुळे उभ्या काठांवर नुसत्या उंचीच्या वजाबाकीपेक्षा कितीतरी भरवशाचं उत्तर मिळतं. आधी झाडोरा गाळून फक्त जमिनीचे बिंदू ठेवा. दोन्ही फाइल्सना ग्लोबल शिफ्ट (मोठे सहनिर्देशक लहान करायला लावलेली सरकवणी) एकच द्या. दोन स्कॅनच्या जुळणीतली चूक न हललेल्या खडकावर तपासून ‘रजिस्ट्रेशन एरर’मध्ये भरा. तो रकाना शून्य राहिला, की जुळणी जराशी सरकलेली असली तरी नकाशावर झीज म्हणून रंगते! प्रोजेक्शनचा व्यास (ज्या नळकांड्यातले बिंदू धरून अंतर काढतात त्याचा) फार लहान घेतला तर विरळ बिंदूंमुळे खात्रीची मर्यादाच (किती बदल खरा मानायचा ती) निघत नाही. घनफळ मात्र हे देत नाही, त्यासाठी उंचीच्या वजाबाकीवर चालणारं २.५डी व्हॉल्यूम हे साधन वेगळं चालवावं लागतं, आणि तिथे उभे काठ पुन्हा फसवतात.