वाशीतली लोकसंगीत नाइट: बोंबील मस्त, पण धवला कोणाचा?

शनिवारी वाशीतल्या एका हॉटेलात लोकसंगीत नाइटला घरचे सहा जण गेलो होतो, माणशी ७९९ आणि जेवणाचे पैसे वेगळे. तक्रार आहे म्हणून नाव टाकत नाही. बोंबील फ्राय वरून कुरकुरीत आतून मऊ, तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात, कोळंबीच्या कालवणात खोबरं जरा जास्त वाटलं. वाढणारी पोरं दमलेली होती तरी आपुलकीने विचारत होती.

आता गाण्याचं. पोरं तयारीची, ढोलकीवाल्याचा हात तर एकदम साफ. लावणी झाली, कोळीगीतं झाली आणि मग निवेदक म्हणाला आता एक पारंपरिक लग्नगीत, आणि चक्क आमचा आगऱ्यांचा धवला सुरू झाला. आई जेवता जेवता थांबली, कारण तिची आई, म्हणजे माझी आजी, कोपरखैरणे गावात धवलारीन होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, आगरी लग्नात धवलारीन विधीविधीला गाते, एक बाई ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. तेराव्या शतकातली महदंबा, मराठीची आद्य कवयित्री, तिच्या लग्नगीतांनाही धवळेच म्हणतात, इतकं जुनं आहे हे. इथे हळदीच्या ओळी मांडवाच्या ओळींना जोडल्या, मधेच टाळ्या घेतल्या, अडीच मिनिटांत संपवलं. स्क्रीनवर नाव काय, तर "पारंपरिक". नंतर मॅनेजरला विचारलं कुठून घेतला, तर म्हणाला यूट्यूबवरून बसवलाय, मूळ गाणारी बाई कोण ते माहीत नाही.

आगऱ्यांनीच गावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. लावणीकार शाहीर पठ्ठे बापूराव जन्माने श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ब्राह्मण घरातले, पण ते तमाशाच्या फडात राहिले, तमाशातल्या नर्तकी पवळाबरोबर उभे राहिले आणि त्यासाठी आपल्या लोकांचा राग ओढवून घेतला. गाणं घ्यायचं तर त्या माणसांबरोबर थोडं बसायला नको का?

आणि मला जास्त लागलं ते वेगळंच. बाजूच्या टेबलवर आमच्याच सेक्टरमधले एक ओळखीचे काका होते, मान डोलवत म्हणाले किती अस्सल आहे. गावात हळदीला बेंजो लागला की याच काकांचा तक्रारीचा फोन जातो. रात्री दहाला आवाज बंद व्हायलाच पाहिजे, तो नियम बरोबरच आहे, पण यांची तक्रार साडेआठला असते आणि तोंडात शब्द असतो "गावठी". १९७० ला शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्या जमिनीवरच हे सेक्टर उभे आहेत, आणि आता गाणं पण एसी हॉलमध्ये गेलं की चांगलं आणि आमच्या अंगणात असलं की गोंगाट, हे मला पटत नाही.

जेवणाला पाचपैकी चार, कार्यक्रमाला दोन. धवला ठेवायचाच असेल तर गावातल्या धवलारीन बायकांना बोलवा, स्क्रीनवर त्यांचं नाव लिहा, ढोलकीवाल्याइतकं मानधन द्या. घणसोलीतल्या एका मावशींना विचारून त्यांचा नंबर मॅनेजरला दिलाय, त्या यायला तयार आहेत, आज गुरुवार, अजून त्यांना फोन गेलेला नाही.